एका रायफलीची तब्येत

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मला एक फोन आला. मूल-सिंदेवाही भागातल्या एका जुन्या मालगुजारी वाड्याचे आजचे वारस बोलत होते. त्यांचे नाव इथे देत नाही; गावात त्यांना भाऊसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणेन. वडील उन्हाळ्यात वारले होते. वडिलांच्या नावावरची, त्याआधी आजोबांच्या नावावर असलेली एक जुनी रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून ते नुकतेच चंद्रपूरहून परतले होते. "तुम्ही जुन्या वस्तूंवर लिहिता. एकदा येऊन तिची तब्येत पाहून सांगा," ते म्हणाले. "कोणी म्हणतं लाखोंची आहे, कोणी म्हणतं भंगार आहे. कोणी सांगतं नळी कापून वेल्डिंग करून टाका, म्हणजे परवान्याची कटकट नको, दिवाणखान्यात लावता येईल."

मी बंदुकांचा जाणकार नव्हे. शिक्षण बारावीपर्यंत, पोटासाठी तीस वर्षे कोळसा खाणीत नोकरी, आणि आवड म्हणून जुन्या चांदा जिल्ह्याची कागदपत्रे. पण 'तब्येत' हा शब्द मनात राहिला. वस्तूचे वय, किंमत, इतिहास याबद्दल माणसे विचारतात; तिची तब्येत क्वचितच कोणी विचारतो. पुढच्या काही महिन्यांत त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते या लेखात मांडतो आहे. एका लोखंडी नळीतल्या गंजाने मला एका घराण्याची आख्यायिका, एका कायद्यातली विसंगती आणि परवान्यावर कधीच न आलेल्या एका माणसाचे काम दाखवले.

तरफेची बंदूक

विक्रेत्याच्या दुकानात, त्याच्या देखत, रायफल टेबलावर आली. पहिले काम त्यानेच केले: ती रिकामी असल्याची खात्री. नंतर मला जवळ बोलावले.

चापाच्या भोवती बंदुकीला जे कडे असते, ते हिच्यात मागे लांबट होऊन हाताची चार बोटे मावतील असे वळण घेते. हीच तिची तरफ. ती खाली-पुढे ढकलली की आतला बोल्ट मागे सरकतो, झाडलेले रिकामे काडतूस बाहेर पडते आणि घोडा मागे चढतो. तरफ परत ओढली की नवे काडतूस नळीत जाते आणि बोल्टला मागून कुलूप बसते. हात चापापासून फारसा न हलवता पुन्हा गोळी झाडता येते. इंग्रज शिकाऱ्यांच्या दुनळी रायफलीत दोन गोळ्या झाल्या की बंदूक मोडून पुन्हा भरावी लागे. त्या दुनळी हाताने घडवलेल्या आणि भयंकर महाग. तरफेची रायफल कारखान्यात हजारोंनी बनणारी, म्हणून स्वस्त. मालगुजार, वनाधिकारी, कॉफीच्या मळ्यांचे मालक अशा मधल्या वर्गाला ती परवडे.

तरफेच्या बंदुकांची वंशावळ अमेरिकेतली आहे. १८६० ची हेन्री, तिच्या पाठोपाठ १८६६ आणि १८७३ च्या विंचेस्टर. या सर्वांत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक, म्हणजे एकाचे टोक दुसऱ्याच्या बुडाला लागून, ठेवत. त्यात एक अडचण होती. गोळी टोकदार असली तर धक्क्याने ती पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळून आतल्या आतच स्फोट व्हायची भीती. म्हणून त्या बंदुकांना बोथट गोळ्याच चालत. जॉन ब्राउनिंग या कारागिराने ही अडचण सोडवली. त्याने काडतुसे चापाच्या पुढे असलेल्या पेटीत एकावर एक रचली. त्याची रचना विंचेस्टर कंपनीने 'मॉडेल १८९५' या नावाने बाजारात आणली. पुढे सुमारे ४ लाख २५ हजार नग बनले; त्यातले जवळजवळ २ लाख ९३ हजार पहिल्या महायुद्धात रशियाच्या झारने आपल्या सैन्यासाठी घेतले.

टेबलावरची रायफल त्याच मॉडेलची होती. पोलादी चौकटीखालची पेटी पाहताच विक्रेत्याने ते सांगितले. नळीवर ४०५ हा आकडा पुसट दिसत होता. हे काडतूस विंचेस्टरने १९०४ मध्ये काढले. सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी, सेकंदाला ६७० मीटरच्या आसपास वेग. १९०९ च्या आफ्रिका सफरीत अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सिंहांसाठी हीच रायफल वापरली आणि तिचे नाव जगभर झाले. आपल्या देशात तिचा सर्वांत प्रसिद्ध धनी म्हणजे बंगळूरचे केनेथ अँडरसन. नरभक्षकांवरच्या त्यांच्या पुस्तकांत ही .४०५ विंचेस्टर पुन्हा पुन्हा भेटते.

इथेच घराण्यातला पहिला समज गळून पडला. चौकटीवर १८९५ सालातल्या पेटंटची तारीख कोरलेली आहे. तीन पिढ्या ती रायफलीची जन्मतारीख मानली गेली. "एकशेतीस वर्षांची आहे," असे भाऊसाहेब अभिमानाने सांगत. पण पेटंटची तारीख म्हणजे कल्पनेला हक्क मिळाल्याची तारीख; ती पुढची कित्येक वर्षे प्रत्येक नगावर कोरली जाते. ज्या काडतुसासाठी ही नळी बनली ते काडतूसच १९०४ चे, तेव्हा रायफल त्याआधीची असूच शकत नाही. चौकटीच्या बुडाशी असलेल्या अनुक्रमांकावरून ती पहिल्या महायुद्धाच्या थोडी आधीची ठरते.

परवान्याचे पुस्तक

दुसरा समज मोठा होता. आजोबांनी या रायफलीने चाळीस वाघ मारले, असे त्या गावात लहान पोरही सांगते. वाड्यात दोन कातडी होती, पैकी एक वाळवीने खाल्ले. बाकीच्यांचे काय झाले हे कोणी विचारत नसे.

भाऊसाहेबांनी एक कापडी पिशवी आणली होती. तिच्यात परवान्याची जुनी पुस्तके. पाने चाळताना जिल्ह्याचा इतिहास शिक्क्यांच्या रूपाने समोर येत गेला. आधी 'मध्यप्रांत व वऱ्हाड', मग 'मध्यप्रदेश', १९५६ नंतर 'मुंबई राज्य', १९६० नंतर 'महाराष्ट्र'. कचेरी तीच, जिल्हा तोच, नाव मात्र शेवटपर्यंत चांदा. गडचिरोली तेव्हा याच जिल्ह्यात होते. ते वेगळे झाले १९८२ मध्ये.

या जिल्ह्यात बंदूक कधीच साधी वस्तू नव्हती. १८५८ मध्ये मोलमपल्लीच्या बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांनी गोंड साथीदारांसह इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा झाला. जंगलाच्या पट्ट्यात ठासणीच्या बंदुका, ज्यांना इकडे भरमार म्हणतात, तरीही लोहारांच्या भात्यावर बनत राहिल्या. गडचिरोलीच्या गावांतून भरमार पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या आजही वर्तमानपत्रांत येतात. म्हणजे एका बाजूला कागद नसलेली भरमार, दुसऱ्या बाजूला कागदांचे पुस्तकच्या पुस्तक असलेली वाड्यावरची विलायती रायफल. जंगल एकच, जनावरे तीच.

त्या कागदांचा मला फार उपयोग झाला. परवान्यावर काडतुसे घेतली की विक्रेता मागच्या पानावर तारीख आणि संख्या लिहून सही करतो. मी त्या नोंदी वहीत उतरवल्या. १९३४ पासूनची पुस्तके सलग होती. १९३४ ते १९५१ या सतरा वर्षांत घेतलेली काडतुसे ९०. त्यानंतर १९६२ पर्यंत फक्त २०. विक्रेत्याकडे जमा झाली ७. म्हणजे अठ्ठावीस वर्षांत जास्तीत जास्त १०३ गोळ्या झडल्या. त्यातल्या काही नेम जुळवायला, काही हरवल्या, काही सांबर-डुकरावर.

१९५१ नंतर खरेदी का आटली, याचे उत्तर शिकारीत नाही, महसुलात आहे. १९५० च्या कायद्याने मध्यप्रदेशातली मालगुजारी संपली. ३१ मार्च १९५१ ला गावे सरकारजमा झाली, आणि गावाच्या जंगलावरचा मालगुजाराचा शब्दही गेला. त्याच सुमाराला विलायती काडतुसे मिळणे अवघड होत गेले. ताडोब्याला तर १९३५ मध्येच शिकारबंदी झाली होती आणि १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला होता. १९७० मध्ये देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा. पण ही रायफल त्याआधीच मुकी झाली होती. पोलाद शाबूत, दाणा नाही.

चाळीस वाघ १०३ गोळ्यांत अशक्य नाहीत, पण फार कठीण आहेत. हे मी भाऊसाहेबांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "१९३४ च्या आधीची पुस्तकं नाहीत ना. आणि नळी पाहा की. आत किती खाल्ली गेली आहे. एवढी नळी झिजली म्हणजे गोळ्या किती झडल्या असतील!"

मुद्दा बिनतोड वाटत होता. म्हणून नळी पाहणे भाग होते.

नळी कशी वाचतात

बहुतेक रायफलींचा बोल्ट मागे काढून घेता येतो आणि मागून डोळा लावून नळी पाहता येते. तरफेच्या रायफलीत ते होत नाही. बोल्ट चौकटीतच अडून राहतो. मग तरफ उघडून नळीच्या बुडाशी पांढऱ्या कागदाचा तुकडा धरायचा, त्यावर विजेरीचा झोत टाकायचा आणि पुढच्या तोंडातून आत पाहायचे. कागदावरून परतलेला उजेड नळीत भरतो आणि आतली प्रत्येक रेघ दिसते.

रायफलीच्या नळीत पेचासारखे आटे असतात. गोळी त्यांत रुतून फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. या आट्यांची झीज तीन प्रकारची असते, आणि त्यांची गल्लत केली की सगळा इतिहास चुकतो.

पहिली झीज आगीची. काडतुसातला दारूचा जाळ सर्वांत तीव्र असतो तो नळीच्या बुडाशी, गोळी जिथून निघते तिथे. हजारो गोळ्यांनंतर तिथले आटे मेणासारखे वितळून गुळगुळीत होतात. ही झीज बुडाकडे जास्त, पुढे कमी.

दुसरी झीज गंजाची. ती गुळगुळीत नसते, खड्ड्यांची असते, देवीच्या व्रणांसारखी. तिचे कारण ओलावा असे आपण म्हणतो, पण खरे कारण काडतुसाच्या टोपीत असते. जुन्या टोप्यांच्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटले की पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे आपल्या जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊ. प्रत्येक गोळीबरोबर या मिठाचा पातळ थर नळीला आतून लागतो. पावसाळ्यात मीठ जसे बरणीत पाझरते, तसेच हे हवेतले पाणी ओढते आणि पोलाद खाऊ लागते. जर्मनीत आणि अमेरिकेत १९२७-२८ पासून बिनमिठाच्या टोप्या निघाल्या, पण जुन्या पद्धतीची काडतुसे त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालू राहिली.

यातली खरी मेख अशी की मीठ तेलात विरघळत नाही. रॉकेलातही नाही. झाडलेल्या नळीला कितीही तेल पाजा, तेलाच्या खाली मीठ आपले काम करत राहते. ते निघते फक्त पाण्याने, उकळत्या पाण्याने तर चांगलेच. आणि तापलेली नळी स्वतःच्या उष्णतेने वाळतेही. जुने शिकारी बंदुकीला गरम पाण्याची आंघोळ घालत ते यासाठी. पाण्याने लोखंड गंजते हे माहीत असलेल्या माणसाला ही गोष्ट उलटी वाटते. तो पाणी टाळतो, तेल लावतो, आणि नळी गमावतो.

म्हणून नळी गंजाने खाल्ली जायला हजारो गोळ्या लागत नाहीत. न धुतलेली एक गोळी आणि झाडीपट्टीतला एक पावसाळा पुरतो.

आता टेबलावरच्या नळीकडे. बुडाकडचे आटे धारदार होते, विक्रेत्याच्या शब्दांत "नव्यासारखे". आगीची झीज जवळजवळ नाही. मधल्या आणि पुढच्या भागात मात्र खड्डेच खड्डे. म्हणजे रायफल फार कमी झडली होती, आणि शेवटी केव्हातरी न धुता ठेवली गेली होती. १९३४ च्या आधीची पुस्तके हरवली असली तरी नळी हरवलेली नव्हती, आणि ती पुस्तकांच्याच बाजूने साक्ष देत होती.

तोंडाची झीज

पण नळीच्या पुढच्या तोंडाशी एक विचित्र गोष्ट होती. तोंडाची कड गोल नव्हती. खालच्या एका बाजूला ती लंबगोल घासली गेली होती. तिथले आटे बोटभर आतपर्यंत पुसट झालेले. हे आगीने होत नाही, गंजाने होत नाही.

ही तिसरी झीज. तरफेची रायफल मागून साफ करता येत नाही, म्हणून सळई पुढच्या तोंडातून घालावी लागते. लोखंडी सळई एकाच हाताने, एकाच कोनात, वर्षानुवर्षे आत-बाहेर केली की तोंडाची एक बाजू घासते. जाणकार याला दोष मानतात, कारण गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श याच कडेला करते आणि ती वाकडी असेल तर नेम बिघडतो. म्हणजे काळजी घेणाऱ्यानेच बंदूक बिघडवली, असाही अर्थ निघतो. मला वेगळा अर्थ दिसला. जितक्या गोळ्या झडल्या त्याच्या किती तरी पट वेळा ही नळी कोणीतरी पुसली होती.

दस्त्यावरही त्याच हाताची खूण होती. अक्रोडाचा मूळ दस्ता मनगटाच्या जागी, म्हणजे जिथे तो सर्वांत अरुंद असतो तिथे, मोडलेला होता. मोडीवर तांब्याचा पत्रा गुंडाळून छोट्या खिळ्यांनी पक्का केलेला, आणि त्यावर कातड्याची वादी. काम शहरातल्या बंदूकवाल्याचे नव्हते. गावातल्या खात्याचे होते. पण चोख होते. आजही दस्ता हलत नाही.

कोण होता तो माणूस? भाऊसाहेबांना आठवले, आजोबांबरोबर एक गोंड वाटाड्या असे. शिकारीला अहेरीकडे बैलगाडीने जात तेव्हाही तोच बरोबर. नाव त्यांना नीट सांगता येईना. घर मात्र माहीत होते. वाड्यापासून दोन शेते सोडून.

आम्ही गेलो. वाटाड्याच्या घरी आता नातवंडे आहेत, पण त्याची सून हयात आहे. ऐंशीच्या पुढची बाई, धानाच्या ढोलीला टेकून बसलेली. मी रायफलीचा विषय काढला. वाघाची एखादी गोष्ट ऐकायला मिळेल असे वाटले होते. ती पाण्याबद्दल बोलू लागली.

"शिकारीहून आले का मामाजी पयले चुलीकडे येत," ती म्हणाली. मामाजी म्हणजे सासरा. "पानी चांगलं खदखद उकरलं पायजे, नाही त रागवत. मंग बांबूच्या फुंकनीतून नरीत ओतत. काळंकाळं पानी निघे. तीनदा. मंग फडका, मंग टोरीचं तेल."

टोळीचे तेल म्हणजे मोहाच्या बियांचे. झाडीबोलीत ळ चा र होतो, म्हणून टोरी आणि नरी. मी तिला विचारले, हे त्यांना कोणी शिकवले. तिला माहीत नव्हते. मिठाचे, क्लोराइडचे तिला काही ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि त्यांनाही नसावे. पण क्रम बरोबर होता: आधी पाणी, मग कोरडे फडके, मग तेल. आजही कुठल्याही पुस्तकात हाच क्रम सापडेल.

"मग शेवटी कोणी धुतली नाही का?" मी विचारले.

ती थोडी थांबली. मग तिने वाड्यावरच्या एका लग्नाची गोष्ट सांगितली. भाऊसाहेबांच्या आत्याचे लग्न. वरात आली तेव्हा गच्चीवरून रायफलीचे दोन बार काढले. मामाजी त्याच्या आदल्या उन्हाळ्यात वारले होते. "मी चुलीवर पानी ठेवलं होतं, भाऊ. सवय होती. कोनी मांगालेच नाही आलं."

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. त्या लग्नाचे साल त्यांना माहीत होते: १९६२. परवान्यातली काडतुसांची शेवटची खरेदी त्याच वर्षीची. रायफलीला तेल लावून कातडी म्यानात ठेवले, ते त्यांनी लहानपणापासून ऐकले होते; "किती जपली" म्हणून. कातडे ओलावा धरून ठेवते, ही त्यात भर. दोन हवेतले बार, न मागितलेले पाणी, वर तेल, वर कातडे आणि साठ पावसाळे. नळीतले खड्डे बहुधा त्या एका रात्रीची देणगी आहेत. गंज पाहून त्याची तारीख सांगता येत नाही, हे मी इथे स्पष्ट केले पाहिजे. पण धारदार बूड, घासलेले तोंड, परवान्यातला आकडा आणि म्हाताऱ्या बाईची आठवण या चारही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात.

कायद्याच्या नजरेतली तब्येत

आता भाऊसाहेबांच्या मूळ प्रश्नाकडे: नळी कापावी का?

या प्रश्नाचे मूळ १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आहे. त्याच्या ४५ व्या कलमात काही शस्त्रांना कायद्यातून सूट आहे. कालबाह्य बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडकळीला आलेले शस्त्र या सुटीत बसते. पण अट अशी की ते दुरुस्ती करून वा न करता बंदूक म्हणून वापरण्याजोगे नसावे. वय, दुर्मीळपणा, काडतूस न मिळणे, हे एकटे पुरत नाही. वस्तू कायमची निकामी असली पाहिजे.

दुसऱ्या बाजूला १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तूला पुरावस्तू मानतो आणि परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेऊ देत नाही. म्हणजे ही रायफल एकाच वेळी दोन कायद्यांच्या ताब्यात आहे. एक म्हणतो, जपा. दुसरा म्हणतो, मोडलेली असेल तर बिनपरवाना ठेवा, चांगली असेल तर परवाना दाखवा. ज्याने वस्तू सांभाळली त्याच्यामागे कागदांचा व्याप. ज्याने ती सडू दिली किंवा मुद्दाम कापली तो मोकळा.

हा नियम सुरक्षेसाठी आहे आणि तो का आहे हे मला समजते. गडचिरोलीच्या शेजारी राहणाऱ्याला ते समजावून सांगायची गरज नाही. तरी त्याचा परिणाम वाड्यावाड्यांतून दिसतो. मध्य भारतात अशा किती तरी जुन्या बंदुका कटरने कापून, बुडाशी वेल्डिंगचा गोळा घालून भिंतीवर टांगलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांचा आकार उरतो, पण वाचण्याजोगे काही उरत नाही. नळीचे बूड वितळले की आगीची झीज गेली. तोंड कापले की सळईची झीज गेली. मी वर जे जे लिहिले ते त्या कापलेल्या बंदुकीतून कधीच कळले नसते.

वारसासाठी कायद्यात वाट आहे. धारक वारला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे, आणि वारसाने आपल्या नावाचा परवाना मागायचा. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेल्याही त्याच मर्यादेत मोजल्या जातात. जमा केलेले शस्त्र ठरलेल्या मुदतीत सोडवले नाही तर ते सरकारजमा होऊ शकते. ही मुदत अनेक घरांत कोणाच्या लक्षातच नसते. वडिलांच्या तेरवीत बंदुकीची आठवण कोणाला होणार? म्हणून ज्यांच्या घरी अशी वस्तू आहे त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, परवान्याची जुनी पुस्तके फेकू नयेत; नव्या पुस्तकाने जुने रद्द होते, त्यातला इतिहास रद्द होत नाही. दोन, वस्तू जमा करताना तिचे सर्व बाजूंनी फोटो काढून, अनुक्रमांक आणि तेव्हाची स्थिती पावतीवर लिहून घ्यावी. आमच्या ओळखीच्या एकाची बंदूक निवडणुकीच्या काळात जमा झाली आणि परत आली ती मागच्या साइटशिवाय. पावतीवर काहीच लिहिलेले नसल्याने बोलायला जागा नव्हती. तीन, चकाकी आणण्याच्या मागे लागू नये. पॉलिश पेपरने घासलेली चौकट आणि नव्या वार्निशचा दस्ता पाहुण्याला आवडतो, पण त्याबरोबर सगळ्या खुणा जातात.

मग किंमत किती?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून सांगतो. नळी खड्ड्यांची, तोंड घासलेले, दस्ता मोडून सांधलेला, मूळ निळाई जाऊन पोलाद तपकिरी झालेले. शौकिनांच्या हिशेबात ही खालच्या प्रतीची. हे ऐकून भाऊसाहेब हसले. "म्हणजे चाळीस वाघही गेले आणि लाखही गेले," ते म्हणाले.

त्यांनी नळी कापली नाही. वारस म्हणून अर्ज केला आहे, आणि मिळाला नाही तर ती संग्रहालयात जावी असे एक पत्रही तयार ठेवले आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, जुन्या शस्त्रांचे दालन आहे. तिथे ती गेली तर शेजारी पाटी लागेल, आणि पाटीवर मालगुजाराचे नाव येईल, कारण परवान्यावर तेच आहे.

पाटीचा मजकूर लिहायला त्यांनी मला सांगितले. मी लिहिला तो असा: विंचेस्टर, मॉडेल १८९५, .४०५. चांदा जिल्हा. परवानाधारकाचे नाव. आणि शेवटच्या ओळीत, नळीच्या तोंडाची झीज व दस्त्याची दुरुस्ती अमुक यांच्या देखभालीतून. ते नाव मी म्हाताऱ्या बाईकडून नीट विचारून घेतले आहे. भाऊसाहेबांनी कागद दोनदा वाचला, खिशातून पेन काढले, आणि त्या नावाच्या पुढे 'श्री.' घालून परत दिला.